क्रियापदाचे तिसरे रूप विशेषण होते तेव्हा



इंग्रजी शिकताना शाळेत क्रियापदांची तीन रूपे पाठ करून घेतली जातात. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. राइट, रोट, रिटन. क्लोज, क्लोज्ड, क्लोज्ड. पहिले रूप वर्तमानकाळासाठी आणि दुसरे भूतकाळासाठी. तिसरे रूप 'हॅव, हॅज, हॅड' यांच्या पुढे आणि कर्मणी प्रयोगात वापरायचे, एवढे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु या तिसऱ्या रूपाचे आणखी एक मोठे काम आहे व त्याकडे अभ्यासात पुरेसे लक्ष दिले जात नाही. ते काम म्हणजे नामाचे विशेषण होणे.

हा विषय केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. आपल्याकडे अनेक घरांत इंग्रजी वाचणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. घरात एखादा सरकारी कागद, बँकेचे पत्र, नोकरीची जाहिरात किंवा न्यायालयाची नोटीस आली की ती शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात दिली जाते. त्या कागदावर 'अटेस्टेड कॉपी', 'एन्क्लोज्ड डॉक्युमेंट्स', 'रिझर्व्ड सीट', 'शेड्यूल्ड कास्ट', 'अनपेड बिल' असे शब्द असतात. हे सर्व शब्द म्हणजे क्रियापदाची तिसरी रूपे असून येथे ती विशेषणे झाली आहेत. त्यांचा अर्थ नेमका लागला तर कागद समजतो. अर्थ चुकला तर अर्ज फेटाळला जाण्यापर्यंत वेळ येते.

मराठीतील 'लेला' आणि संस्कृत-पालीतील 'त'

इंग्रजीतील हे विशेषण मराठी माणसाला परके नाही. आपण रोज 'मोडलेली खुर्ची', 'लिहिलेले पत्र', 'पडलेली पाने' असे म्हणतो. मोडणे, लिहिणे, पडणे ही क्रियापदे आहेत. त्यांना 'लेला, लेली, लेले' जोडले की विशेषण तयार होते. मराठी व्याकरणात याला धातुसाधित विशेषण म्हणतात. इंग्रजीत हेच 'ब्रोकन चेअर', 'रिटन लेटर', 'फॉलन लीव्ह्ज' असे होते.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना 'क.भू.धा.वि.' हा संक्षेप आठवेल. कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण असे त्याचे पूर्ण नाव. धातूला 'त' लागून ते बनते. कृत म्हणजे केलेले, गत म्हणजे गेलेले, मुक्त म्हणजे सुटलेला. पालीतही हीच पद्धत आहे. 'बुद्ध' हा शब्द याच जातीचा आहे. बुध् म्हणजे जागे होणे, जाणणे. त्याला 'त' जोडून 'बुद्ध' झाला. अर्थ 'जागृत झालेला'. म्हणून इंग्रजी भाषांतरकार बुद्धांचा उल्लेख 'द अवेकन्ड वन' किंवा 'द एन्लाइटन्ड वन' असा करतात. अवेकन्ड आणि एन्लाइटन्ड ही दोन्ही तिसरीच रूपे आहेत.

म्हणजे मूळ कल्पना एकच आहे. क्रिया घडून गेली आणि तिचा परिणाम त्या व्यक्तीवर किंवा वस्तूवर टिकून राहिला. असे विशेषण दिसले की मनाशी दोन प्रश्न विचारावेत. काय घडले? आणि कोणी घडवले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दातच असते. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा वाक्यात नसते, ते शोधावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाकडे लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा वळू.

'लेला' कोठे फसवतो

मराठीतील 'लेला' आणि इंग्रजीतील तिसरे रूप यांत साम्य असले तरी 'लेला'चे क्षेत्र अधिक मोठे आहे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर तीन ठिकाणी चूक होते.

पहिले ठिकाण सकर्मक क्रियापदाचे. मराठीत 'खाल्लेला आंबा' म्हणता येते आणि 'आंबा खाल्लेला मुलगा' असेही म्हणता येते. पहिल्यात आंब्यावर क्रिया झाली, दुसऱ्यात मुलाने क्रिया केली. इंग्रजीत सकर्मक क्रियापदाचे तिसरे रूप साधारणपणे ज्यावर क्रिया झाली त्याचेच विशेषण होते. 'द ईटन मँगो' चालेल. 'द ईटन बॉय' म्हटले तर कोणीतरी त्या मुलालाच खाल्ले असा भलताच अर्थ होईल. तेथे 'द बॉय हू एट द मँगो' असे पूर्ण उपवाक्य घ्यावे लागते. 'अर्ज केलेले उमेदवार' हे 'अप्लाइड कँडिडेट्स' नव्हेत. ते 'द कँडिडेट्स हू हॅव अप्लाइड' होत. याला थोडे अपवाद आहेत. 'अ वेल-रेड मॅन' म्हणजे पुष्कळ वाचलेला माणूस. आपल्याकडील 'बहुश्रुत' हा शब्दही असाच, पुष्कळ ऐकलेला. असे अपवाद पाठ करावेत, परंतु त्यांवरून नियम करू नये.

दुसरे ठिकाण अकर्मक क्रियापदाचे. येथे तिसरे रूप 'आपणहून तसे झालेला' असा अर्थ देते. 'रिटायर्ड टीचर' म्हणजे निवृत्त झालेले शिक्षक, 'फेडेड कलर' म्हणजे विटलेला रंग, 'एस्केप्ड प्रिझनर' म्हणजे पळालेला कैदी. पण प्रत्येक अकर्मक क्रियापदाचे असे विशेषण होत नाही. 'आलेला पाहुणा' याला 'ॲन अराइव्ह्ड गेस्ट' म्हणत नाहीत. 'न्यूली' हा शब्द जोडून 'अ न्यूली अराइव्ह्ड गेस्ट' म्हटले तर चालते.

तिसरे ठिकाण बसणे, उभे राहणे, झोपणे या स्थितींचे. मराठीत आपण 'झोपलेले मूल', 'उभा असलेला माणूस' म्हणतो. क्रिया होऊन गेली असे आपण धरतो. इंग्रजी मात्र ती स्थिती चालू आहे असे धरते आणि 'आयएनजी' लावते. 'अ स्लीपिंग चाइल्ड', 'अ स्टँडिंग मॅन'. वस्तुसंग्रहालयात आणि लेण्यांवरील पुस्तकांत मूर्तींची वर्णने वाचा. उभी मूर्ती असेल तर 'स्टँडिंग बुद्धा' असे लिहिलेले आढळते. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या प्रसिद्ध शिल्पाला 'रिक्लायनिंग बुद्धा' म्हणतात. बसलेल्या मूर्तीला मात्र 'सीटेड बुद्धा' म्हणतात. याचे कारण असे की 'सीट' हे क्रियापद सकर्मक आहे, त्याचा अर्थ बसवणे. म्हणून त्याचे तिसरे रूप येथे चालते. 'सिट' या क्रियापदाचे तिसरे रूप 'सॅट' आहे, पण 'सॅट बुद्धा' कोणी लिहिणार नाही.

विशेषणाची जागा

मराठीत विशेषण कितीही लांब असले तरी ते नामाच्या आधी येते. 'वडिलांनी गावाहून पाठवलेले पत्र' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत तीन जागा आहेत.

एक, विशेषण एकटे असेल तर नामाच्या आधी. 'अ लॉक्ड डोअर', 'अ साइन्ड कॉपी'.

दोन, 'इज, आर, वॉज' किंवा 'फील, लुक, सीम' अशा क्रियापदांच्या पुढे. 'द डोअर इज लॉक्ड', 'शी लुक्स टायर्ड'.

तीन, विशेषणाबरोबर कोणी, कोठून, कशाने असे आणखी शब्द असतील तर ते सर्व मिळून नामाच्या मागाहून येते. 'द लेटर सेंट बाय माय फादर फ्रॉम द व्हिलेज'. सरकारी पत्रांत हे फार आढळते. 'द डॉक्युमेंट्स मेन्शन्ड अबव्ह' म्हणजे वर उल्लेखिलेली कागदपत्रे. 'द फी पेड बाय द कँडिडेट' म्हणजे उमेदवाराने भरलेली फी. विद्यार्थी येथे अडखळतात. 'पेड' हे वाक्याचे मुख्य क्रियापद समजून ते 'फीने भरले' असा काहीतरी अर्थ लावतात. म्हणून लांब वाक्य वाचताना आधी मुख्य क्रियापद शोधावे, मग तिसऱ्या रूपातील विशेषण आपोआप वेगळे दिसते.

दोन शब्द जोडून केलेले विशेषण मात्र नामाच्या आधीच येते. 'हँड-रिटन', 'होम-मेड', 'वेल-नोन'. अजिंठा, कार्ले, कान्हेरी येथील लेण्यांना 'रॉक-कट केव्ह्ज' म्हणतात, म्हणजे खडकात कोरून काढलेली लेणी. पुरातत्त्व खात्याच्या फलकावर 'प्रोटेक्टेड मॉन्युमेंट' असते. त्याचे मराठी 'संरक्षित स्मारक'. संरक्षित हाही 'त' लागलेलाच शब्द आहे. संरक्षण दिले कोणी? शासनाने, कायद्याने. म्हणून तेथे नाव कोरणे हा गुन्हा ठरतो.

बोअर्ड की बोअरिंग

मुलाखतीत हमखास होणारी चूक म्हणजे 'आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब'. उमेदवाराला म्हणायचे असते की मला या नोकरीत रस आहे. ऐकणाऱ्याला कानी पडते की मी मनोरंजक आहे.

येथे मराठीचा आधार घ्यावा. ज्याच्यावर परिणाम झाला तो 'लेला', म्हणजे तिसरे रूप. जो परिणाम करतो तो 'णारा', म्हणजे 'आयएनजी'. कंटाळलेला विद्यार्थी 'बोअर्ड', कंटाळा आणणारे भाषण 'बोअरिंग'. दमलेला प्रवासी 'टायर्ड', दमवणारा प्रवास 'टायरिंग'. गोंधळलेला वाचक 'कन्फ्यूज्ड', गोंधळात टाकणारी सूचना 'कन्फ्यूजिंग'.

माणसासाठी 'ईडी' आणि वस्तूसाठी 'आयएनजी' असा सोपा नियम काही मार्गदर्शक पुस्तकांत देतात. तो अपुरा आहे. 'अ बोअर्ड टीचर' म्हणजे स्वतः कंटाळलेले शिक्षक आणि 'अ बोअरिंग टीचर' म्हणजे मुलांना कंटाळा आणणारे शिक्षक. दोन्ही माणसेच आहेत. फरक आहे तो परिणाम कोणावर झाला आणि कोणी केला याचा.

या विशेषणांपुढील शब्दयोगी शब्दही पाठ करावेत. 'इंटरेस्टेड इन', 'टायर्ड ऑफ', 'सॅटिस्फाइड विथ', 'वरीड अबाउट', 'मॅरीड टू'. मराठीत आपण अमक्याशी लग्न झाले म्हणतो, त्यामुळे 'मॅरीड विथ' असे तोंडात येते. ते टाळावे.

क्रियापद की विशेषण

'द शॉप इज क्लोज्ड' या वाक्यात 'क्लोज्ड' काय आहे? मराठीत भाषांतर करून पाहा. 'दुकान बंद आहे' असा अर्थ असेल तर ते विशेषण. 'द शॉप इज क्लोज्ड बाय द ओनर ॲट नाइन' म्हणजे मालकाकडून दुकान नऊला बंद केले जाते. येथे ते कर्मणी प्रयोगातील क्रियापद आहे. आणखी एक कसोटी 'व्हेरी' या शब्दाची. 'व्हेरी टायर्ड', 'व्हेरी वरीड' म्हणता येते, म्हणून ती निश्चित विशेषणे. 'व्हेरी' लागत नसेल तर मात्र तेवढ्यावरून निर्णय करू नये, कारण 'मॅरीड', 'लॉक्ड' अशा विशेषणांना एरवीही 'व्हेरी' लागत नाही.

गळालेला 'ड'

आपल्या शहरांतील गाड्यांवर आणि हॉटेलांच्या फलकांवर 'बॉइल एग', 'मिक्स व्हेज' असे लिहिलेले असते. शुद्ध रूप 'बॉइल्ड एग' आणि 'मिक्स्ड व्हेज'. अंडे उकडलेले आहे, भाज्या मिसळलेल्या आहेत. 'रजिस्टर पत्र' हेही असेच, ते 'रजिस्टर्ड' पत्र असते. 'तो सस्पेंड आहे' असे आपण म्हणतो, इंग्रजीत तो 'सस्पेंडेड' असतो.

हे का घडते? शब्दाच्या शेवटचा 'ड' किंवा 'ट' पुढच्या व्यंजनाला चिकटून बोलताना नीट ऐकू येत नाही. इंग्रजांच्याही तोंडी हे झाले आहे. आज सर्व जग ज्याला 'आइस क्रीम' म्हणते त्याचे जुने नाव 'आइस्ड क्रीम' होते. बोलण्यात गळाला तर फार बिघडत नाही. अर्ज लिहिताना मात्र तो गळू देऊ नये.

विशेषतः एका शब्दाकडे लक्ष वेधतो. अनेक अर्जांवर, दाखल्यांच्या प्रतींवर आणि बोलण्यातही 'शेड्यूल कास्ट' असे येते. शेड्यूल म्हणजे अनुसूची, यादी. 'शेड्यूल कास्ट' म्हणजे 'अनुसूची जात', त्याला अर्थ नाही. शुद्ध शब्द 'शेड्यूल्ड कास्ट', म्हणजे अनुसूचीत नोंदलेली, अनुसूचित जात. त्या एका 'ड'मध्येच शब्दाचा सारा अर्थ आहे.

कोणी केले, हा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ब्रिटिश अमदानीत अस्पृश्य मानलेल्या समाजाला इंग्रजी कागदपत्रांत 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली स्थापन केलेल्या संस्थेच्या नावातही हा शब्द होता. 1930 ते 1932 या काळातील गोलमेज परिषदांच्या कागदांत तो वारंवार येतो. आजचा विद्यार्थी 'डिप्रेस्ड' म्हणजे खिन्न, निराश असा अर्थ घेतो. जुन्या कागदांत तो अर्थ नाही. खाली दाबून ठेवलेले वर्ग असा तो आहे. मग लगेच विचारावे, दाबले कोणी? शब्द ते सांगत नाही.

1935 च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्ये 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आला. स्वतंत्र भारताच्या संविधानात तोच राहिला आणि 341 व्या अनुच्छेदात या जाती ठरवण्याची रीत दिली. हे विशेषण त्या माणसांचा कोणताही गुण किंवा दोष सांगत नाही. कायद्याने त्यांच्या जातीचे नाव अनुसूचीत नोंदले, एवढीच क्रिया ते सांगते. कोणी नोंदले याचे उत्तरही येथे मिळते, कारण अनुसूची राष्ट्रपतींच्या आदेशाने निघते आणि तीत बदल संसदेच्या कायद्यानेच होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात 'ब्रोकन मेन' हा शब्द योजला. पराभूत होऊन मूळ टोळीपासून तुटलेली, फुटलेली माणसे, असा त्याचा तेथील अर्थ आहे. 'दलित' हा शब्दही 'दल्' म्हणजे फुटणे, फोडणे या धातूला 'त' लागून झाला आहे. त्यांनी 1927 मध्ये काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत', आणि 1956 मध्ये 'जनता' पत्राला दिलेले नवे नाव 'प्रबुद्ध भारत'. व्याकरणदृष्ट्या बहिष्कृत आणि प्रबुद्ध एकाच साच्यातले शब्द आहेत. बहिष्कृत म्हणजे दुसऱ्याने बाहेर टाकलेला. प्रबुद्ध म्हणजे स्वतः जागा झालेला. पहिल्यात क्रिया दुसऱ्याची, दुसऱ्यात स्वतःची. 'ब्रोकन' आणि 'रिटायर्ड' यांत जो फरक आपण वर पाहिला तोच हा फरक आहे.

म्हणून कोणत्याही वृत्तात किंवा अहवालात 'डिस्प्लेस्ड फॅमिलीज', 'नेग्लेक्टेड एरिया', 'अनपेड वेजेस' असे शब्द आले की थांबावे. कुटुंबे विस्थापित झाली की केली? भागाकडे दुर्लक्ष कोणी केले? मजुरी कोणी दिली नाही? व्याकरणाचा हा प्रश्न वाचणाऱ्याला जागरूक करतो.

थोडा सराव

पुढील शब्दसमूह इंग्रजीत करून पाहावेत.
1) उकडलेले बटाटे
2) दमवणारा प्रवास
3) सही न केलेला अर्ज
4) आईने शिवलेला सदरा
5) बाकावर झोपलेला माणूस
6) पत्र लिहिलेला विद्यार्थी

उत्तरे : 1) बॉइल्ड पोटॅटोज. 2) अ टायरिंग जर्नी. 3) ॲन अनसाइन्ड ॲप्लिकेशन. येथे 'न केलेला' याचा अर्थ 'अन' हा उपसर्ग देतो. 4) द शर्ट स्टिच्ड बाय मदर. 5) द मॅन स्लीपिंग ऑन द बेंच. 6) द स्टुडंट हू रोट द लेटर.

विद्यार्थ्यांनी एक वही करून रोजच्या वर्तमानपत्रातील, अर्जांतील आणि फलकांवरील अशी पाच विशेषणे त्यात लिहावीत. प्रत्येकापुढे मूळ क्रियापद, मराठी अर्थ आणि 'कोणी केले?' याचे उत्तर लिहावे. सभासद पालकांना इंग्रजी येत नसले तरी त्यांनी मुलांकडून मराठी अर्थ ऐकावा आणि 'कोणी?' हा प्रश्न आवर्जून विचारावा. महिनाभरात दीडशे शब्द जमतील आणि घरी आलेला कागद वाचताना मुलाला दुसऱ्या कोणाकडे जावे लागणार नाही.